सगळं वाजवता येतं, पण खुर्ची कुठली?

«ताई, मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते. वय २२. लहानपणापासून गुरुजींकडे बासरी शिकतेय. शाळेच्या बँडमध्ये चाव्यांचा फ्लूट हातात आला आणि त्याचं वेड लागलं. मागच्या वर्षी ट्रिनिटीची आठवी ग्रेड झाली, यंदा बी.एस्सी. झालं. नवरात्रात गरब्याच्या ऑर्केस्ट्रात वाजवते, लग्नसराईत संगीत संध्या असतात, मधूनमधून भावगीतांचे कार्यक्रम, नाताळात चर्चच्या कॉयरबरोबर. सगळे म्हणतात, काय व्हर्सटाइल मुलगी आहे! मला मात्र सिम्फनी ऑर्केस्ट्रात वाजवायचंय. आई-बाबा म्हणतात, आधी बी.एड. कर, शाळेत लाग, मग काय ती हौस कर. गुरुजी म्हणतात, दोन्ही डगरींवर पाय ठेवलास तर ओठ बिघडतील. मुंबईत एकांकडे जुना चांदीचा फ्लूट साडेतीन लाखांना विकायला आहे. बाबा कर्ज काढत नाहीत म्हणून घरात अबोला चाललाय. हे खरंच करिअर असतं का? आणि कॉयरवाल्यांनी यंदा पिकोलो, म्हणजे तो छोटा, चढ्या आवाजाचा फ्लूट, वाजवशील का म्हणून विचारलंय. माझ्याकडे नाही. घेऊ का?»

अगं, आधी अबोला सोड, कारण या एका बाबतीत बाबा बरोबर आहेत. साडेतीन लाखांचा फ्लूट आत्ता घ्यायचा नाही, आणि कर्ज काढून तर नाहीच. जुना फ्लूट चांदीचा आहे एवढ्यानं तो चांगला ठरत नाही. त्याच्या चाव्यांखालची पॅडं कुठून हवा सोडताहेत का, कधी बदलली, दांड्या सरळ आहेत का, हे जाणत्या कारागिरानं उघडून बघायला लागतं. बडोद्याचा पावसाळा पॅडांना काय करतो ते तुला माहीतच असेल. आणखी एक गोष्ट विकणारा सहसा सांगत नाही. फार जुने काही फ्लूट त्या वेळच्या खालच्या स्वरमानावर बेतलेले असतात. आज ऑर्केस्ट्रातला ‘ए’ स्वर ४४० हर्ट्झवर, युरोपात ४४२-४४३ वर लावतात. अशा वेळी मुखनळी पूर्ण आत ढकलली तरी भोकांमधली अंतरं जुन्या हिशोबाचीच राहतात, आणि मग एक स्वर जुळवला की दुसरा सुटतो. त्यात तुझी आठवी ग्रेड परवाची. ज्या वाद्यावर ती दिलीस त्याच्यातून अजून बराच सूर काढायचा बाकी आहे, तो ओठांतून येतो. हे पैसे लागतील ते शिक्षकासाठी. त्याच्याकडे पुढे येते.

आता मूळ प्रश्न. लोक तुला व्हर्सटाइल म्हणतात ते गरबा, भावगीत, चर्च आणि संगीत संध्या अशा चार ठिकाणी तुझं निभतं म्हणून. ऑर्केस्ट्रात या गुणाचा अर्थ जवळजवळ उलटा आहे. तिथं चार प्रकारचं संगीत वाजवणारा नको असतो. एकाच लिखित सुरावटीत, एकाच संध्याकाळी, समोरची गरज ओळखून चार वेगळे आवाज काढणारा हवा असतो. कार्यक्रमाच्या पूर्वार्धात दुसऱ्या फ्लूटच्या खुर्चीवर बसून पहिल्या फ्लूटच्या खाली अगदी हळू, पण काटेकोर सुरात राहायचं. उत्तरार्धात पिकोलो उचलून शंभर माणसांच्या वर ऐकू जायचं. मधेच एखाद्या रचनेत आल्टो फ्लूट लागला तर तो लिहिल्यापेक्षा षड्ज-मध्यमाच्या अंतराइतका खाली बोलतो, तेव्हा डोळे एक स्वर वाचतात आणि कानाला दुसराच येतो, तेही सांभाळायचं. आणि हे सगळं करताना आपली उपस्थिती कुणाला खटकू द्यायची नाही. तुला जे येतं ते कमी दर्जाचं नाही, पण ते या कामाचं भांडवल होत नाही. तू चार अंगणांत खेळतेस. इथं एकच अंगण आहे, आणि त्याचा प्रत्येक कोपरा पाठ असावा लागतो.

मोठ्या ऑर्केस्ट्रात साधारणपणे तीन-चार फ्लूटवादक असतात. पहिल्या खुर्चीवर प्रमुख, तिच्या शेजारी दुसरा, मग पिकोलोचा जाणकार. व्हायोलिनच्या खुर्च्या तीसच्या आसपास असतात. हे गणित डोक्यात ठेव, कारण फ्लूट शिकणाऱ्या मुली जगभर ढीगभर आहेत. प्रमुखाच्या नावाचा बोलबाला होतो. फ्रेंच संगीतकार डेबुसीची १८९४ ची ती प्रसिद्ध रचना, ‘प्रेल्यूड टू द आफ्टरनून ऑफ अ फॉन’, एकट्या फ्लूटनं सुरू होते, कुणाचीही साथ नसते, आणि पहिलाच स्वर मधला सी शार्प. त्या स्वराला फ्लूटची जवळजवळ सगळी भोकं उघडी राहतात, म्हणून तो पातळ, निसटता येतो. सगळा हॉल श्वास रोखून बसलेला असताना तो भरीव काढणं हीच त्या खुर्चीची परीक्षा. तरी माझं मत विचारशील तर ऑर्केस्ट्रातली अवघड खुर्ची दुसरीची. तिचा बराचसा भाग खालच्या सप्तकात, जिथं फ्लूटचा आवाज क्षीण असतो आणि हळू वाजवताना स्वर उतरतो. पहिल्यानं जरा वर घेतलं तर तिनं वर जायचं, तो चुकला तरी. तिला कुणी टाळ्या देत नाही. पण चांगला दुसरा फ्लूट मिळाला की प्रमुख त्याला सोडत नाही, हे खरं.

पिकोलोचं वेगळंच. बीथोवनच्या १८०८ च्या पाचव्या सिम्फनीत पिकोलो थेट चौथ्या भागात येतो. तोवर तीन भाग गप्प बसायचं, वाद्य हातात थंड होत जातं, थंड वाद्याचा स्वर उतरतो, आणि मग एकदम सगळ्यांच्या वर. चायकोव्हस्कीच्या चौथ्या सिम्फनीच्या तिसऱ्या भागात तंतुवाद्यं नुसती बोटांनी छेडत असतात आणि मधेच पिकोलोवर एक चिमुकली, भन्नाट वेगाची ओळ येते. चार क्षणांचं काम, पण ऑडिशनला ती हमखास विचारतात. बॅडमिंटन खेळतेस की नाही माहीत नाही, पण पिकोलोवाल्याला थेट शेवटच्या गुणाच्या सर्व्हिसला कोर्टावर पाठवतात, असं समज.

तुझ्या पत्रात दोन गोष्टींचा उल्लेखच नाही, म्हणून मला शंका येते. वाचन आणि मोजणं. गुरुजींकडे तू ऐकून शिकलीस; गरब्यात तर चाल एकदा कानावर पडली की झालं. ग्रेडच्या परीक्षेला तुकडे महिनोन्‌महिने घोटून नेता येतात. ऑर्केस्ट्रात तालमी मोजक्या असतात, पत्रिका, म्हणजे आपल्या वाद्याची लिहिलेली सुरावट, आदल्या आठवड्यात हातात पडते आणि पहिल्या तालमीला बहुतेक सगळं बरोबर अपेक्षित असतं. विश्रांतीची मापं, म्हणजे आपण गप्प असतानाची तालाची आवर्तनं, मोजत बसणं हे त्याहून कठीण. आपल्या तालात सम येते, तबला तुला घरी आणून सोडतो. इथं चौसष्ट मापं गप्प बसायचं, त्यात मधे दोनदा लय बदलते, आणि तुझी जागा आली की कंडक्टर तुझ्याकडे बघेलच याची खात्री नाही. याचा रियाज घरी करता येतो. रोज एखादी पूर्ण सिम्फनी लाव, फ्लूटची पत्रिका समोर घे. जुन्या रचनांच्या पत्रिका हक्कमुक्त असल्यानं सहज मिळतात. वाजवू नकोस, नुसती मोजत बस. सुरुवातीला हरवशील. हरवल्यावर परत जागा सापडणं हेच शिकायचं आहे.

आता तुझ्या बाजूची एक गोष्ट, जी तुला बहुधा कुणी सांगितली नसेल. तू तंबोऱ्यावर वाढलीस. तंबोऱ्याच्या तारेतून जो गंधार आपसूक झणकतो तो पियानोच्या गंधारापेक्षा किंचित उतरलेला असतो. पियानोत सगळे अर्धस्वर सारखे वाटून घेतलेले, त्यामुळे त्याचा गंधार शुद्धापेक्षा साधारण १४ सेंट चढा. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. ऑर्केस्ट्रात फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बॅसून ही फुंकवाद्यं मिळून एखादा कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणारे अनेक स्वर, धरतात आणि तुझ्याकडे त्यातला गंधार आला, की तो तंबोऱ्याचाच हवा, पियानोचा नाही. तो बसला की सगळा कॉर्ड जणू आतून उजळतो. ट्यूनरच्या काट्याकडे बघत वाढलेल्या मुलांना हे कळायला वर्षं जातात, कारण त्यांचा काटा तिथं बरोबर दाखवतो आणि कान नाही म्हणतात. तुझ्या कानाला ते आधीच माहीत आहे. फक्त एक नवीन सवय लावायला हवी. आपला षड्ज स्थिर असतो, इथं तो दर मापाला हलतो. आत्ता आपण वाजवतोय तो स्वर या क्षणी गंधार आहे, पंचम आहे की षड्ज, हे ओळखून त्याला किंचित वर-खाली न्यायचं. पियानोबरोबर वाजवताना मात्र पियानोचं ऐकायचं, तिथं भांडून उपयोग नाही.

म्हणून गुरुजींना अगदीच झिडकारू नकोस. त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. बासरीवर फुंकर मोठी, सैल आणि बोटं आडवी, मधल्या पेरांनी भोकं झाकणारी. फ्लूटवर ओठांची फट बारीक, हवा कडेवर नेमकी, आणि बोटं वाकलेली, टोकांनी चाव्या दाबणारी. त्यातून उघड्या भोकांचा फ्लूट असला तर आडव्या बोटाची सवय लगेच उघडी पडते. एकामागून एक दोन्ही वाजवलं तर दोन्हीचा आवाज धूसर होतो. हा अनुभव तुला येत असणारच, नाहीतर गुरुजींना ते दिसलं नसतं. उपाय साधा आहे. पुढची दोन वर्षं सकाळ फ्लूटची, ताज्या ओठांनी. बासरी संध्याकाळी, तीही रोज नाही. ओठ बिघडत नाहीत, गोंधळतात. वेळ वेगळी केली की त्यांना दोन घरं कळतात.

आणि गुरुजींना एक आठवण करून दे, प्रेमानं. आपल्या बडोद्यात सयाजीरावांच्या आश्रयानं १८८६ साली मौलाबक्षांनी गायनशाळा सुरू केली, तीच पुढे विद्यापीठाची संगीत-नृत्य-नाट्य शाखा झाली. त्याच मौलाबक्षांचा मुलगा लंडनला जाऊन पाश्चात्त्य संगीत शिकून आला. घराण्याचे गवई आणि सरकारी बँड एकाच शहरात नांदले. तेव्हा सुरसागरच्या काठावर चाव्यांच्या फ्लूटला परका म्हणायला इतिहास तरी साथ देत नाही. गुरुजी यावर हसतील किंवा चिडतील, दोन्ही चालेल.

गरब्याचं काय करायचं? बडोद्यात वाढलेल्या कुणाला गरबा सोड म्हणणं म्हणजे पापच. सोडू नकोस, पण त्याची किंमत जाण. नऊ रात्री मायक्रोफोनमधून, स्पीकरच्या भिंतीशेजारी वाजवताना तू जोरानं आणि कठीण फुंकतेस, कारण मॉनिटरमध्ये स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. ऑर्केस्ट्रात माइक नसतो. तिथं आवाज दूर जातो तो जोरानं नाही, भरीवपणानं. नवरात्रानंतरचा पंधरवडा तुझे लांब स्वर खडबडीत येत असतील, तपासून बघ. आणि कानांत संगीतकारांसाठीचे प्लग घाल, या वर्षीपासूनच. फ्लूट उजवीकडे धरतो, पिकोलो तर उजव्या कानाजवळच किंचाळतो. पिकोलोवाल्यांना उजव्या कानाची काळजी घ्यावीच लागते. तो कान अजून चाळीस वर्षं लागणार आहे तुला. लग्नाच्या संगीत संध्या मात्र बंद. त्यात पैसे बरे मिळतात हे मला माहीत आहे. तिथं तू शिकत काही नाहीस, आणि रात्री दोनला घरी येऊन सकाळचे ओठ ताजे राहत नाहीत.

करिअर आहे का, हा प्रश्न. आहे. फार थोड्यांना मिळतं, आणि ते बहुतेक एका खुर्चीतून सुरू होऊन मग फांद्या फुटतात. जेम्स गॉलवे घे. लंडनमध्ये ऑपेराच्या खड्ड्यात, म्हणजे रंगमंचापुढच्या वादकांच्या खोलगट जागेत, बसले, सिम्फनी ऑर्केस्ट्रांत वाजवलं, मग १९६९ पासून १९७५ पर्यंत बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये प्रमुख. त्यानंतर खुर्ची सोडून एकलवादन, लोकगीतं, लोकप्रिय गाणी, चित्रपट. लोकांना ते सोन्याच्या फ्लूटवर काहीही वाजवणारे म्हणून माहीत. पण ते काहीही आलं त्या खड्ड्यातल्या वर्षांनंतर. आपल्याकडे मनोहारी सिंग सॅक्सोफोनचे बादशहा, पण चाव्यांचा फ्लूटही तितक्याच सफाईनं वाजवायचे, आणि मुंबईच्या सिनेमाच्या स्टुडिओत दोन्ही वाद्यांचे पैसे मिळायचे. आज स्टुडिओत संपूर्ण ऑर्केस्ट्रा क्वचित बसतो, कीबोर्डनं निम्मं काम खाल्लं. पण जिवंत फ्लूटची एखादी ओळ अजूनही माणसाकडूनच वाजवून घेतात. परदेशातल्या संगीतनाटकांच्या खड्ड्यात तर एकाच माणसानं फ्लूट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजवणं ही वेगळी शाखाच आहे.

भारतात पूर्णवेळ म्हणता येईल असा सिम्फनी ऑर्केस्ट्रा म्हणजे मुंबईचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया. २००६ साली मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मारात बिसेनगालिएव यांनी उभा केला. वर्षात दोन मोठे हंगाम, वादकांत परदेशी खूप. याचा अर्थ जागा नाही असा घेऊ नकोस. पातळी कुठली हवी ते कळतं असा घे. तिकीट काढ आणि दोन्ही हंगाम ऐक, फक्त फ्लूटकडे बघत. बडोद्याहून मुंबई रेल्वेनं साधारण चारशे किलोमीटर, आपल्या सगळ्यांची चुलत-मावस मंडळी तिकडे आहेतच, मुक्कामाचा प्रश्न नाही. आणि बाबांचे जे पैसे वाचले ते इथं घाल: मुंबईत ऑर्केस्ट्रात प्रत्यक्ष वाजवणारा एखादा फ्लूटवादक गाठ आणि महिन्यातून दोनदा धडा घे. ग्रेडच्या परीक्षा घेणारा शिक्षक वेगळा आणि ऑडिशनला बसवणारा वेगळा. तुला दुसरा हवा. सैन्यदलांच्या बँडमध्येही फ्लूट-पिकोलो लागतात, लष्कराचं संगीत प्रशिक्षण पचमढीला चालतं. नौदलाच्या भरतीत वयाची अट मात्र कडक, जाहिरात नीट वाचून बघ.

परदेशी जायचं मनात आलं तर जर्मनीचा विचार कर. तिथं सरकारी पैशावर चालणारे व्यावसायिक ऑर्केस्ट्रा सव्वाशेच्या आसपास आहेत आणि सरकारी संगीत महाविद्यालयांत बहुतेक राज्यांत शिकवणी फी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपबाहेरच्यांना सत्राला १५०० युरो आहे. प्रवेशाची परीक्षा मात्र कठीण, जर्मन भाषा लागते, आणि व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे सुमारे बारा हजार युरो आधी खात्यात बांधून दाखवावे लागतात, म्हणजे दहा लाखांच्या वर. बाबांशी बोलायचा खरा आकडा हा आहे, फ्लूटचा नाही. आणि तो आत्ता नाही, दोन वर्षांनी.

ऑडिशनचं सांगते, कारण त्यात तुझ्या रियाजाचा नकाशा आहे. जवळजवळ सगळीकडे मोत्सार्टचा जी किंवा डी मेजरचा कॉन्चेर्तो, म्हणजे एकलवादक आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना, मागतात. (त्यातला डी मेजरचा मूळचा ओबोचा. फ्लूटच्या या कामाबद्दल मोत्सार्टनं १७७८ साली वडिलांना कुरकुरीचं पत्र लिहिलं होतं, आणि तिथंही पैशांवरून बापलेकांचं बिनसलेलंच होतं, हे तुला बरं वाटावं म्हणून सांगतेय.) मग ऑर्केस्ट्रातले तुकडे. मेंडेल्सझोनच्या स्केर्त्सोचा शेवट, जिथं जीभ दुहेरी चालते आणि श्वासाला जागा नाही. ब्राम्सच्या चौथ्या सिम्फनीच्या अखेरच्या भागातली एकट्या फ्लूटची ओळ. बीथोवनचं लिओनोरे ओव्हर्चर, तिसरं. डेबुसीचा तो सी शार्प. हे तुकडे मिळून काही मिनिटांचे असतात आणि लोक त्यांच्यावर वर्षं घालतात. बऱ्याच ठिकाणी पहिली फेरी पडद्याआड होते. समोर कोण वाजवतंय, मुलगा की मुलगी, गोरी की सावळी, दिसत नाही. बर्लिन फिलहार्मोनिकनं पहिली स्त्री १९८२ साली घेतली आणि व्हिएन्नानं स्त्रियांना सदस्यत्व दिलं ते १९९७ साली, तेव्हा हा पडदा किती कामाचा ते तू समज. फ्लूटवाल्या जरा पुढे होत्या: डोरिओ अँथनी ड्वायर १९५२ सालीच बोस्टन सिम्फनीत प्रमुख खुर्चीवर बसली.

पडदा घरी लाव. खरोखरच. महिन्यातून एकदा हे सगळे तुकडे एका दमात वाजवून मोबाइलवर रेकॉर्ड कर, दुसऱ्यांदा संधी नाही, आणि आठवड्यानं ऐक. ऐकताना मेट्रोनोम सुरू ठेव. पहिल्या महिन्यात जे ऐकू येईल ते बोचेल. सहाव्या महिन्यात त्याच फायली पुन्हा ऐक, आणि त्या तुझ्या मुंबईच्या शिक्षकाला ऐकव. प्रगती आहे की नाही हे तो सांगेल, आई-बाबा किंवा गरब्याची मंडळी नाही.

बी.एड.बद्दल माझं मत बहुतेक सल्लागारांपेक्षा वेगळं असेल. करायला हरकत नाही, पण यंदा नाही. बी.एड. पूर्णवेळ आहे, हजेरी असते, पाठ घ्यावे लागतात. त्या दोन वर्षांत सकाळचे दोन-तीन तास फ्लूटचे निघणार नाहीत, आणि बावीस ते चोवीस हीच वर्षं ओठ-बोटांना अजून वळण लागायची. बाबांना असं सांग: दोन वर्षं द्या. दर सहा महिन्यांनी शिक्षकाचं लेखी मत तुमच्यासमोर ठेवीन. शाळांतली मुलं शिकवून, गरबा वाजवून माझा आणि प्रवासाचा खर्च मी काढीन. दोन वर्षांनी शिक्षकानं स्पष्ट नाही म्हटलं तर बी.एड.चा फॉर्म मीच भरेन. शाळेत संगीत शिकवणं म्हणजे पराभव, असं मात्र मनात आणू नकोस. ऑर्केस्ट्रात बसणारेही बहुतेक शिकवतातच, पगार पुरत नाही म्हणून आणि शिकवल्याशिवाय स्वतःचं कळत नाही म्हणूनही.

आई-बाबांना एकदा एनसीपीएला घेऊन जा. त्यांनी सिम्फनी ऑर्केस्ट्रा प्रत्यक्ष ऐकला नसेल, तर ते कशाला नाही म्हणताहेत हेच त्यांना माहीत नाही.

राहिला पिकोलो. घे, पण विकत नको, यंदा तरी. कॉयरवाल्यांना विचार, त्यांच्यात किंवा एखाद्या शाळेच्या बँडमध्ये पडून असलेला मिळेल. लाकडी असेल तर हिवाळ्यात जपून, वाजवायच्या आधी हातात गरम कर, एकदम फुंकू नकोस, लाकूड तडकतं. प्लॅस्टिकचा किंवा रेझिनचा असेल तर नाताळाच्या कार्यक्रमाला अगदी पुरेसा. एक महिना आधी सुरू कर, रोज वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही, आणि फ्लूटच्या आधी नाही, नंतर. वरच्या सप्तकात पिकोलोच्या बोटांच्या जागा काही स्वरांना फ्लूटपेक्षा वेगळ्या बऱ्या लागतात, ते मुंबईच्या पहिल्या धड्यालाच विचारून घे. आणि कॉयरवाल्यांना आधीच सांग की मोबदला घेशील. ते देतात, मागितलं तर.